ऑरिनकाकांचा रविवार

"फक्त रविवारपर्यंत बोलू नकोस. एवढंच मागतेय मी."

"ट्वायला, मी ब-ब-ब—"

"हे बघ, परत. तोंडानं कबूल केलं की दुखणं परत येतं. काल रात्री एवढं समजावून सांगितलं त्या उपदेशकांनी. मिळालेलं घट्ट धरायचं, शंका जिभेवर येऊ द्यायची नाही."

"ही श-शंका नाहीये. ज-जीभ आहे ही. माझी."

"तुझी होती. काल देवानं ती काढून घेतली आणि नवी दिली."

"मग सकाळपासून ही क-क-कुणाची घालून बसलोय मी?"

ट्वायलामावशीला हसू आलं नाही. एरवी आलं असतं. तिने बिडाचा तवा सिंकमध्ये आपटला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तरी सांग याला." मी मक्याचा पाव ताकात कुस्करत बसले होते. कामावर जाताना मी रोज माझ्या या मावशीकडे खाऊन जाते. त्या दिवशी वाटलं, उपाशी गेले असते तर बरं झालं असतं. कारण काय सांगायचं, ते मला कळत नव्हतं. काल रात्री तिथे मीही होते, आणि मीही रडले होते.

आमच्या चर्चमध्ये आठवडाभर विश्वास पुन्हा जागवणारी उज्जीवन सभा चालली होती. आदल्या रात्री तिचा शेवट होता. आर्कन्सॉहून आलेल्या पाहुण्या उपदेशकाने विचारलं, कुणाच्या घरी असं काय दुखणं आहे, जे वर्षानुवर्षं दारात बसून आहे. मावशीने हात वर केला. मला वाटलं, गुडघ्यासाठी. तिचा डावा गुडघा पायऱ्या चढताना लाकडासारखा वाजतो. पण तिने शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. काका उठले नसते, तर तिचं वर गेलेलं बोट चारचौघांत तसंच राहिलं असतं. म्हणून ते उठले.

उपदेशकाने त्यांचा जबडा धरला, ओठांना तेल लावलं आणि सगळ्यांना सांगितलं की प्रभूची प्रार्थना म्हणा, मोठ्याने म्हणा, छप्पर हलू दे. आम्ही म्हटली. काकांनीही म्हटली. उपदेशकाने हातातला माईक त्यांच्या तोंडासमोर धरला, आणि आमच्या सगळ्यांच्या आवाजावर एक आवाज चढला. जाड, सपाट, कुठेही न अडणारा. पहिल्या शब्दापासून आमेनपर्यंत. ऑरिन स्टेगॉल, जन्माचा तोतरा, ज्याला स्वतःचं नाव सांगायला पाणी प्यायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा असा दोनदा प्रयत्न करावा लागतो, तो माणूस पाटाच्या पाण्यासारखा बोलत होता. मावशी त्या दुखऱ्या गुडघ्यावरच खाली बसली. आमेन झाल्यावर काका माईककडे वाकून काहीतरी सांगायला गेले. त्यांचा गळा दाटून आलाय असं समजून उपदेशकाने माईक बाजूला घेतला, आणि ड्रम सुरू झाला.

ते काय सांगायला गेले होते, ते सकाळी स्वयंपाकघरात कळलं.

काकांनी फळीवरून मक्याच्या पिठाची पिशवी काढली आणि मावशीसमोर टेबलावर ठेवली. पिशवीवर पावाची कृती छापलेली होती. बोट ठेवून म्हणाले, व-वाच, माझ्याबरोबर. मावशी म्हणाली, हा काय खेळ. ते म्हणाले, वाच. मग दोघं वाचू लागली. ओव्हन तापवून घ्या. तव्याला तूप फासा. दोन वाट्या पीठ, चिमूटभर मीठ, एक वाटी ताक. काका एकदाही अडले नाहीत. तिच्या आवाजाच्या कडेकडेने त्यांचा आवाज सरळ चालला होता. मग त्यांनी हात वर करून तिला थांबवलं आणि पुढचं वाक्य एकट्याने घेतलं. "ए-ए-एक अं... अं..." अंड्यापाशी ते उभे राहिले. मान एका बाजूला ओढली गेली, डोळे मिटले. अंडं शेवटी फुटलं तेव्हा माझ्या ताकात कुस्करलेला पाव पार विरघळला होता.

त्यांनी तिला सावकाश सांगितलं. चार जणांबरोबर एका सुरात बोललं की जीभ अडत नाही. गाताना अडत नाही. कुत्र्याशी बोलताना अडत नाही. लहानपणापासून असंच आहे. प्रभूची प्रार्थना ते दर रविवारी अशीच म्हणत आलेत, तिच्या शेजारी उभं राहून, तिच्या खांद्याला खांदा लावून. गर्दीत एका माणसाचा आवाज कोण वेगळा काढून ऐकतो. काल माईक होता, एवढाच फरक.

मावशी पिशवीकडे बघत राहिली. मग तिने पिशवी उचलली, तोंड नीट दुमडलं, फळीवर ठेवली. मला वाटलं, पटलं तिला. काकांनाही वाटलं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, टोपी घातली आणि ते कामावर गेले.

काकांची आई त्यांना लहानपणी प्रत्येक तंबूत घेऊन गेली होती. कपाशीची वेचणी संपली की आमच्या सपाट मुलखात उपदेशकांचे तंबू उगवायचे, आणि पहिल्या रांगेत हा पोरगा. एकाने रुमालाने त्यांची जीभ बाहेर ओढून धरली आणि आत बसलेल्या सैतानाला हाक मारली. काका ही गोष्ट आम्हाला सांगायचे तेव्हा अडखळत अडखळत म्हणायचे, सैतान काही बाहेर आला नाही, दुपारचं जेवण मात्र आलं. पण तेव्हा ते हसले नव्हते. बाकीची पोरं कुबड्या टाकून चालायला लागायची, आणि आपल्यालाच काही होत नाही, याचा अर्थ एकच होता. आपला विश्वास खोटा. घरी येताना आई गाडीत एक शब्द बोलायची नाही.

शाळेत एकदा बाईंनी सगळ्या वर्गाकडून एका सुरात धडा म्हणून घेतला आणि फिरता फिरता त्यांच्या बाकापाशी थांबल्या. पोरगा घडाघडा बोलतोय. त्यांनी आनंदाने बापाला बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी बापासमोर एकट्याला उभं केलं, तर पहिल्याच अक्षरावर गाडं रुतलं. येतं तर मुद्दाम कशाला असं करतोस, म्हणून बापाने पट्टा काढला. त्यानंतर कित्येक वर्षं काका जवळपास बोललेच नाहीत.

ट्वायलामावशी त्यांना आइस्क्रीमच्या दुकानाच्या खिडकीत भेटली. ती आत कामाला होती. हे रांगेत उभे राहून 'व्हॅनिला' जुळवत होते, आणि हिने त्यांचा 'व' पुरा व्हायच्या आत कोन हातात ठेवला. त्यांना वाटलं, हीच. लग्नानंतर दोघांचं मिळून बोलायचं काम तिने घेतलं. फोन ती घ्यायची. बँकेत ती बोलायची. कॅटफिश मासा खायला बाहेर गेलं की त्यांच्या ताटात काय यायचं ते ती सांगायची, आणि त्यात नेमाने भेंडीची भजी असायची. काकांना भेंडी बघवत नाही. पण तिला वाटायचं आवडते, आणि नाही म्हणण्यापेक्षा खाणं सोपं होतं.

हे बदललं ब्रदर हॉलिसमुळे. हॉलिस याउंट आमच्या चर्चचे जुने पाळक. आठवडाभर टायर बदलायचे आणि रविवारी उपदेश करायचे. त्यांच्या नखांतलं काळं कधी गेलं नाही. एका रविवारी उपासनेत शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवणारा माणूस तापाने घरी पडला होता. ब्रदर हॉलिस पुढे येऊन म्हणाले, ऑरिन, ये, आज तू वाच. मंडळीत सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. काका मानेने नाही म्हणाले. हॉलिस खाली जाऊन पहिल्या बाकावर बसले, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "आम्हाला कुठं जायचंय? जायचंय ते स्वर्गात, आणि ती गाडी काही बाराच्या आत सुटत नाही."

काका गेले. पुस्तक ठेवायच्या लाकडी स्टँडला दोन्ही हातांनी धरून त्यांनी वाचलं. इतका वेळ लागला की गावातल्या निम्म्या ओव्हनमधलं रविवारचं मांस करपलं. दाराशी निरोप घेताना ते हॉलिसना सांगू लागले, म-मी तुमचा सगळा वेळ खाल्ला. हॉलिस म्हणाले, "ऑरिन, तुझं तोंड ज्यानं केलं, त्याला ते कसं चालतं ते ठाऊक आहे. तुझ्याकडे तक्रार कुणी केली?"

मग पाळीने दर महिन्याला एक रविवार त्यांचा झाला. आमच्याकडच्या बायका अजूनही म्हणतात, ऑरिनचा रविवार आहे, ओव्हन मंद ठेव. ती थट्टा होती, पण तिच्यात कुणाला बाहेर ठेवलेलं नव्हतं. त्यांचं वाचणं ऐकताना एक वेगळीच गोष्ट व्हायची. एखाद्या शब्दापाशी ते थांबले की आम्ही सगळे त्या शब्दापाशी थांबायचो. 'कृपा' हा शब्द यायला किती वेळ लागतो, ते मला त्यांच्यामुळे माहीत आहे.

त्या दिवसापासून काकांनी बरं व्हायची प्रार्थना सोडून दिली. एकदा मला म्हणाले होते की मी मागायचं थांबलो, तेव्हा देवाला माझ्याशी बोलायला जागा झाली. मग त्यांनी कॅटफिशच्या दुकानात स्वतःच्या तोंडाने पीच-पाय, म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, मागवला, आणि भेंडी नको म्हणून सांगितलं. ऑर्डर घेणारी पोरगी पेन्सिल धरून शांत उभी राहिली. मावशी हसत होती. आम्हाला वाटलं, कौतुकाने. धान्याच्या कोठारावर ते वजनकाट्याला असतात. तिथे भरलेल्या ट्रकचं वजन ते हाताने खुणा करून सांगायचे, ते आता लाउडस्पीकरवर सांगू लागले. ड्रायव्हर खिडकीतून ओरडायचे, "ऑरिन, तीनदा सोयाबीन म्हणालास, पैसेही तीनदा दे." ते उलट म्हणायचे, "म-म-मग ओलाव्याचं वजन कापूनही तीनदा घेईन."

ब्रदर हॉलिस वारले आणि ब्रदर ट्रेंट आले. तरुण, तुकतुकीत, मनाने वाईट नाही. भिंतीवर मोठे पडदे आले, गाण्याचे शब्द त्यावर दिसू लागले, कॅमेरे आले, आणि आमची उपासना घरी बसलेल्या लोकांना फोनवर दिसू लागली. ऑरिनचा रविवार मात्र त्यांनी तसाच ठेवला होता. म्हणजे त्या सभेपर्यंत. पुढचा रविवार काकांचाच होता.

तो आठवडा वाईट गेला. आधी ज्यांना हसायचं ते समोर हसायचे. आता काकांनी तोंड उघडलं की लोक नजर चुकवू लागले. पहिल्या ट्रकचं वजन लाउडस्पीकरवर गेलं, नेहमीसारखं ठेचकाळत. कुणी पैसे तीनदा मागितले नाहीत. एक म्हातारा म्हणाला, धीर सोडू नकोस, विश्वास धर. जसं काही ते दोरीवरून पडत होते.

मंगळवारी वेलन ग्रोजन भाताचा ट्रक घेऊन आला. त्याची बायको आजारी आहे, तो तिला मेम्फिसच्या दवाखान्यात नेतो-आणतो. काटा स्थिर झाला तसे काका माईककडे वाकले. वेलन केबिनमधून खाली उतरला, खिडकीशी आला आणि त्याने काचेवर तळहात ठेवला.

"बोलू नकोस, ऑरिन. पावती दे नुसती. तू बरा झालास हे तिला सांगितलंय मी. काल जेवली ती."

काकांनी पावती दिली, एक शब्द न काढता. मग माईकचं बटण बंद केलं आणि दिवसभर हाताने खुणा केल्या. हे त्यांनी मला सांगितलं ते कुत्र्याकडे बघत, म्हणजे जीभ अडणार नाही. म्हणाले, मला बापाच्या पट्ट्याची भीती नव्हती एवढी त्या तळहाताची वाटली.

गुरुवारी संध्याकाळी ब्रदर ट्रेंट घरी आले. मावशीने केक केला होता. ते म्हणाले की रविवारी शास्त्र वाचायच्या आधी ब्रदर ऑरिननी दोन शब्द साक्ष द्यावी, काय झालं ते सांगावं. काकांनी काट्याने केकचा तुकडा बाजूला सारला आणि सांगितलं की काहीच झालेलं नाही. सांगायला वेळ लागला. ब्रदर ट्रेंट वाट बघत होते, पण हॉलिस बघायचे तशी नाही. आपली पाळी कधी येते म्हणून बघतात तशी.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "ब्रदर ऑरिन, तुमची अडचण मला कळते. पण हजारो लोकांनी ती रात्र पाहिली आहे. आता तुम्ही स्टँडपाशी उभे राहून अडखळलात, तर लोक तुम्हाला नाही, देवाला खोटं म्हणतील."

"इतकी व-वर्षं याच तोंडानं वाचतोय. त-तेव्हा देव खोटा नव्हता?"

"तेव्हा तुम्ही बरे झालेले नव्हता."

काकांना हसू आलं असावं, कारण त्यांनी रुमाल तोंडाला लावला. ब्रदर ट्रेंट म्हणाले की मग काही दिवस वाचनातून विश्रांती घ्यावी, मन स्थिर होईपर्यंत. शिक्षा म्हणून नाही, काळजीने. काका म्हणाले, नाही. साक्ष देणार नाही, पण वाचणार. माझी प-पाळी आहे. हे 'पाळी' त्यांनी अशा आवाजात म्हटलं की मी ताटातून वर बघितलं. त्यांना इतकं ठामपणे काही मागताना मी पाहिलेलं नव्हतं. दुसरं काही गेलं असतं तरी चाललं असतं त्यांना. तो स्टँड नको होता जायला.

ब्रदर ट्रेंट निघाले तेव्हा मावशी त्यांना सोडायला गाडीपर्यंत गेली. बराच वेळ गाडीच्या खिडकीशी वाकून बोलत होती. परत आली ती हलकी होऊन. काकांच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि म्हणाली, तुझी पाळी तुझीच आहे, मी बोलले त्यांच्याशी. काकांनी तिचा हात धरून ठेवला. त्या रात्री ते जेवणाआधी मोठ्याने प्रार्थना करू लागले, एकटे, अडखळत, आणि मावशीने त्यांना मध्ये थांबवलं नाही.

रविवारी काकांनी निळा कोट घातला. ब्रदर हॉलिसनी त्यांना दिलेली शास्त्राची प्रत काखेत धरली. गावातल्या ओव्हनचं काय झालं माहीत नाही, पण बाक भरले होते. वेलन मागे उभा होता. काका स्टँडपाशी गेले, पान उघडलं, दोन्ही हातांनी कडा धरल्या. त्यांनी श्वास घेतला, आणि तेवढ्यात ब्रदर ट्रेंट हातात माईक घेऊन बाजूला येऊन उभे राहिले.

म्हणाले, आज आपण एक नवीन गोष्ट करणार आहोत. देवाने ज्या जिभेला मोकळं केलं, तिच्याबरोबर आज सगळी मंडळी वाचणार आहे. एका आवाजात. शब्द पडद्यावर आहेत.

काकांनी वळून पडदा बघितला. मग त्यांनी पहिल्या बाकाकडे बघितलं. मावशी दोन्ही हात छातीशी धरून बसली होती. तिचा चेहरा असा होता, जसा कुणाच्या वाढदिवसाला दार उघडायच्या आधी असतो. पिठाची पिशवी तिला नीट समजली होती. आमच्यापेक्षा चांगली समजली होती.

सगळ्यांनी सुरुवात केली. काकांचे ओठ आपोआप हलू लागले, आणि तो आवाज परत आला, सरळ, जाड, अडथळ्याविना. कुणीतरी 'हालेलुया' म्हणालं. वेलन डोळे पुसत होता. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर काका थांबले. वाचन थांबलं नाही. आम्ही पुढे चाललो होतो. ते नुसते उभे होते, तोंड मिटून, आणि त्यांची कुणाला उणीव भासली नाही. मलाही नाही. मी पडद्याकडे बघून वाचत होते.

मग त्यांनी एकट्याने घ्यायचा प्रयत्न केला. ओळ संपल्यावर सगळे श्वास घ्यायला थांबतात, त्या फटीत त्यांनी पुढचा शब्द धरला. "म-म-मी..." त्यांना अडलेलं ऐकताच मंडळीने तो शब्द उचलला, मदतीला धावल्यासारखा, आणि मोठ्याने पुरा केला. त्यांनी परत धरला. आम्ही परत पुरा केला, आणखी मोठ्याने. लोकांना वाटत होतं की आपण त्यांच्यासाठी सैतानाशी झगडतोय. काकांनी हात वर केला, थांबा म्हणून. ते बघून लोकांनीही हात वर केले, उपासनेत करतात तसे. धड्याचा शेवट आला तेव्हा टाळ्यांनी भिंती दणाणल्या.

काकांनी शास्त्र मिटलं आणि ते जागेवर येऊन बसले. मावशीने त्यांच्या दंडात हात अडकवला.

घरी आल्यावर तिने मांस कापून ताटात वाढलं. अजिबात करपलेलं नव्हतं. ती बोलत होती. कोण कोण रडलं, कुठल्या कुठल्या गावाहून निरोप आले, वेलन काय म्हणाला. काका खात नव्हते. त्यांनी कोटही काढला नव्हता.

"तुझ्यासाठी भांडले मी," ती शेवटी म्हणाली. "तुला काढणारच होते ते. तुझी जागा मी ठेवली."

"जागा ठ-ठेवलीस. मी क-कुठाय तिच्यात?"

"सगळे तुझ्याबरोबर होते."

"सगळे माझ्यावर होते, ट्वायला."

हे वाक्य ते न अडता बोलले. कसं, ते मला माहीत नाही. मावशीला त्याचा राग आला.

"तुला काय वाटतं, सोपं होतं का मला? एवढी वर्षं मी तुझं तोंड होते. तू वाचायचास ना तिथे, आणि मी पहिल्या बाकावर बसून लोकांच्या माना बघायचे. कोण घड्याळ बघतंय, कोण ओठ चावतंय. कॅटफिशच्या दुकानात तू त्या पोरीकडे पीच-पाय मागायचास, आणि मला टेबलाखाली जावंसं वाटायचं. हसायचे मी. दुसरं काय करणार? एकदा तरी माझ्या नवऱ्याला इतरांसारखं बोलताना ऐकायचं होतं मला. एकदा. ते मागितलं, तर मी एवढी वाईट झाले?"

काका तिच्याकडे बघत होते. तंबूतल्या आईची गोष्ट ते सांगायचे तेव्हा शेवटी त्यांचा चेहरा असा व्हायचा.

"म-मला वाटायचं," ते म्हणाले, "निदान तू त-तरी ऐकत होतीस."

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि भिंतीवरचा फोन वाजला. सवयीने तीच उठली. आवाज लगेच गोड झाला. हो ब्रदर ट्रेंट, हो, फार सुंदर झालं. हो, देवाचीच कृपा. मग ती ऐकत राहिली. मग म्हणाली, दर रविवारी? असंच वाचायचं, सगळ्यांबरोबर?

तिने काकांकडे बघितलं. मला वाटलं, ती नेहमीप्रमाणे हो म्हणून फोन ठेवेल. पण तिने फोन छातीशी दाबला, मग गुंडाळलेली तार ताणून टेबलापर्यंत आणला आणि त्यांच्यासमोर धरला. लग्नाच्या एवढ्या वर्षांत तिने पहिल्यांदाच तो त्यांच्याकडे दिला.

"तूच सांग त्यांना," ती म्हणाली. "विचारतायत, येशील ना?"

काका उठले. खुंटीवरची टोपी घेतली. शास्त्राची प्रत टेबलावर होती, ती त्यांनी काखेत धरली. फोनमधून ब्रदर ट्रेंटचा बारीक आवाज येत होता, ब्रदर ऑरिन, ब्रदर ऑरिन. मावशीचा हात तसाच पुढे होता. काकांनी जाळीचं दार ढकललं आणि ते पायऱ्या उतरून गेले.